डिजिटल पेंटिंगमध्ये रंग मळकट का होतात? स्मूथ ब्लेंडिंग नेमकं जमतं कसं?

स्केच मस्त जमलेलं असतं. डोळे, नाक, ओठ, सगळं जागच्या जागी. मग रंग भरायला सुरुवात होते. उजेडाच्या बाजूला फिकट रंग, सावलीच्या बाजूला गडद रंग आणि दोघांच्या मधोमध स्मज टूल. दोन मिनिटं ते फिरवलं की चेहरा एक तर राखाडी पडतो, नाही तर प्लास्टिकच्या बाहुलीसारखा दिसायला लागतो.

मोबाइलवर किंवा टॅबवर चित्रं काढायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाची गाडी इथे येऊन अडते. त्यामुळेच चांगल्या डिजिटल चित्राखाली ‘ब्रश कोणता वापरला?’ ही कमेंट हमखास सापडते. काही जण ब्रशचे पॅक डाउनलोड करत सुटतात. काही जणांना वाटतं, महागडा पेन टॅब्लेट घेतल्याशिवाय हे जमणारच नाही. आणि बरेच जण ‘आपल्याला रंगकाम येत नाही’ असं म्हणून सोडून देतात.

खरं तर दोष हाताचा नसतो, बहुतेक वेळा ब्रशचाही नसतो. कॉम्प्युटर ज्या पद्धतीने दोन रंग मिसळतो, त्यातच ही गडबड आहे. ती एकदा समजली की फुकटच्या ॲपमध्ये, साध्या गोल ब्रशने आणि अगदी बोटानेसुद्धा चांगलं ब्लेंडिंग करता येतं.

ब्लेंडिंग म्हणजे नेमकं काय?

एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना मधे सांधा दिसू नये, यासाठी जे केलं जातं त्याला ब्लेंडिंग म्हणतात. इथे पुसट करणं आणि ब्लेंड करणं यात फरक आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

स्मज किंवा ब्लर टूल फक्त कडा पुसट करतं. जे दोन रंग आहेत, तेच एकमेकांत ओढतं. ब्लेंडिंगमध्ये मात्र त्या दोन रंगांच्या मधे योग्य तो तिसरा रंग आणावा लागतो. म्हणजे गुळगुळीतपणा ब्रशमधून येत नाही, मधल्या रंगातून येतो.

पोर्ट्रेट रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे स्मज टूल नसतं. कोरड्या भुकटीत रंग कालवून उजेडापासून सावलीपर्यंतच्या वेगवेगळ्या छटा आधीच तयार ठेवायच्या आणि चिमटीने एकीवर दुसरी हलकेच भुरभुरायची, असं ते काम चालतं. लांबून बघणाऱ्याला गाल अगदी खरा वाटतो. मधल्या छटा तयार असल्या की गुळगुळीतपणा आपोआप येतो.

कॉम्प्युटर रंग कसे मिसळतो?

स्क्रीनवरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे असतात. लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मधला. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. शुद्ध हिरवा म्हणजे ०, २५५, ०. तिन्ही २५५ असले की पांढरा, तिन्ही ० असले की काळा.

अर्ध्या ओपॅसिटीने एका रंगावर दुसरा रंग मारला, तर बहुतेक ॲप या आकड्यांची सरळ सरासरी काढतात. अर्धपारदर्शक थर एकमेकांवर ठेवण्याचं हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये नीट मांडलं. ते दोघं तेव्हा लुकासफिल्ममध्ये काम करत होते. आज लेअर असलेल्या प्रत्येक ॲपच्या पोटात हेच गणित आहे.

आता हे करून बघा. शुद्ध निळा (०, ०, २५५) आणि शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) यांची सरासरी काढली तर काय येतं? १२८, १२८, १२८. म्हणजे चक्क राखाडी. शाळेतल्या रंगपेटीत निळा आणि पिवळा मिळून हिरवा व्हायचा, इथे मात्र सिमेंटचा रंग मिळतो.

लाल आणि हिरव्याची सरासरी येते १२८, १२८, ०. म्हणजे मळकट शेवाळी. चित्र मळकट का होतं, याचं पहिलं उत्तर या आकड्यांत आहे. रंगचक्रात एकमेकांच्या समोर असलेले रंग सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधे राखाडी उरतो.

मग मधला भाग काळवंडतो का?

याचं कारण जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या स्क्रीनपर्यंत मागे जातं. त्या स्क्रीनला दिलेला आकडा आणि तिथून निघणारा उजेड सरळ प्रमाणात नसायचे. आकडा अर्धा केला की उजेड अर्ध्याहून खूपच कमी व्हायचा. योगायोगाने माणसाच्या डोळ्यालाही अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, त्यामुळे ही पद्धत सोयीची ठरली. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी नावाचं रंगमानक मांडलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि इंटरनेटवरच्या बहुतेक चित्रांत आजही तेच चालतं.

या मानकात १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला, तरी त्यातून पूर्ण उजेडाच्या फक्त २२ टक्क्यांच्या आसपास उजेड निघतो. खरा अर्धा उजेड हवा असेल तर आकडा १८८ लागतो.

म्हणजे ॲपने लाल आणि हिरव्याची सरासरी १२८, १२८, ० काढली, तेव्हा प्रत्यक्षात उजेड अर्ध्याहून कमी झाला. खऱ्या उजेडाच्या हिशेबाने ती १८८, १८८, ० यायला हवी होती, म्हणजे बऱ्यापैकी पिवळी. भडक रंगांच्या सांध्यावर जो गडद, घाणेरडा पट्टा दिसतो तो इथून येतो.

खऱ्या रंगात असं का होत नाही?

कारण खरा रंग सरासरीवर चालत नाही. ट्यूबमधल्या रंगाचे कण उजेडाचा काही भाग शोषतात आणि काही भाग परत फेकतात. निळ्या रंगाचे कण लाल भाग शोषतात, पिवळ्याचे कण निळा भाग शोषतात. दोन्ही मिसळले की दोघांच्या तावडीतून सुटतो तो मुख्यतः हिरवा. म्हणून हिरवा दिसतो.

या शोषण्या-फेकण्याचं गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं. पण चित्रं काढण्याच्या ॲपमध्ये ते सहज वापरता येईल अशा रूपात यायला कितीतरी दशकं गेली. २०२१ मध्ये शार्का सोखोरोवा आणि ओंद्रेय यामरिश्का या संशोधकांनी मिक्सबॉक्स नावाची पद्धत मांडली. ती बाहेरून नेहमीचे तीन आकडेच घेते, पण आतल्या आत ते रंग खऱ्या रंगद्रव्यांसारखे मिसळते. रिबेल या पेंटिंग सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत ती वापरली गेली. तिथे निळा आणि पिवळा मिळून हिरवाच होतो.

दुसरी वाट डोळ्याच्या बाजूने निघाली. बियॉर्न ओटोसन या स्वीडिश प्रोग्रामरने २०२० मध्ये ओकेलॅब नावाची रंगमांडणी प्रसिद्ध केली. डोळ्याला जे अंतर सारखं वाटतं, ते आकड्यांतही सारखं असावं, ही त्यामागची कल्पना. फोटोशॉपच्या ग्रेडियंटमध्ये ‘परसेप्च्युअल’ नावाचा पर्याय दिसतो, तो अशाच विचारातून आला आहे. क्लिप स्टुडिओ पेंटच्या २.० आवृत्तीतही ब्रशच्या रंगमिश्रणासाठी तसा पर्याय मिळाला.

तुमच्या ॲपमध्ये असं काही असेल तर जरूर चालू करून बघा. नसेल तरी अडत नाही. कारण मधला रंग ॲपने काढून देण्यापेक्षा स्वतः निवडणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

मधला रंग कसा निवडायचा?

त्वचेचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. रंग निवडताना आकड्यांऐवजी ह्यू, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेस ही मांडणी वापरा. ह्यू म्हणजे रंग कोणता, सॅच्युरेशन म्हणजे तो किती भडक, ब्राइटनेस म्हणजे तो किती उजळ.

समजा, गव्हाळ चेहऱ्याच्या उजेडातल्या भागाला ह्यू २८, सॅच्युरेशन ३५, ब्राइटनेस ९२ असा रंग दिला. सावलीला ह्यू १२, सॅच्युरेशन ५५, ब्राइटनेस ४५ दिला. या दोघांवर स्मज फिरवला तर मधे साधारण ह्यू २१, सॅच्युरेशन ४२, ब्राइटनेस ६९ असा रंग येतो. तो चुकीचा नाही, पण निर्जीव आहे. चेहरा मेणाचा वाटतो.

आता ब्राइटनेस ७० च्या आसपासच ठेवून ह्यू १६ आणि सॅच्युरेशन ५८ करा. तोच चेहरा एकदम जिवंत वाटायला लागतो. उजेड आणि सावली यांच्या सीमेवर त्वचा थोडी लालसर आणि जास्त भडक दिसते, कारण उजेड त्वचेत शिरतो, आत पसरतो आणि रक्ताचा लालसरपणा घेऊन बाहेर पडतो. रात्री बॅटरीवर हाताचा पंजा ठेवला की बोटं लाल दिसतात, ते याच कारणामुळे.

हे बघायचं असेल तर सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र नीट बघा. हातात समई घेतलेली आणि ज्योतीवर हाताचा आडोसा धरलेली ती स्त्री अनेकांनी कॅलेंडरवर किंवा फॉरवर्डमध्ये पाहिलेली असते. बरेच जण ते राजा रवि वर्मांचं चित्र समजतात. १९४५-४६ च्या सुमाराचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांमधून झिरपतो तिथे रंग नुसता फिकट किंवा गडद होत नाही, तो लालसर होतो. त्या लालसर पट्ट्याशिवाय हात पेटलेला वाटलाच नसता.

म्हणूनच सावलीसाठी काळा रंग वापरू नका, असं शिकवलं जातं. काळा मिसळला की तीनही आकडे एकाच प्रमाणात खाली येतात. ह्यू तोच राहतो, नुसता उजेड जातो. सावलीत रंग बदलायला हवा, तो बदलतच नाही.

मग प्रत्यक्षात करायचं काय?

एक पद्धत बहुतेक सगळ्या ॲपमध्ये चालते. आयबिसपेंट असो, क्रिता असो, प्रोक्रिएट असो की फोटोशॉप.

पहिलं, उजेड, मधला आणि सावली असे तीन सपाट रंग स्वतः निवडा आणि साध्या कडक गोल ब्रशने पूर्ण ओपॅसिटीवर लावा. या टप्प्याला सांधे दिसले तरी चालतील.

दुसरं, ओपॅसिटी २० ते ३० टक्क्यांवर आणा. एका रंगाने शेजारच्या रंगावर हलका फटकारा मारा. जिथे दोन्ही रंग मिसळले, तिथला रंग आयड्रॉपरने उचला आणि पुन्हा सांध्यावर लावा. परत नवा मधला रंग उचला, परत लावा. उचला, लावा, उचला, लावा. डिजिटल ब्लेंडिंगचा सगळा पाया एवढाच आहे. उचललेला रंग फिका किंवा राखाडी वाटला, तर लावण्याआधी त्याचं सॅच्युरेशन थोडं वाढवा.

तिसरं, ब्रशचा आकार. उतार जेवढा रुंद, ब्रश तेवढा मोठा. कपाळावर किंवा गालावर मोठा ब्रश, नाकपुडीजवळ लहान. लहान ब्रशने मोठा गाल घासत बसलं की डाग पडतात, आणि ते झाकायला मग स्मजचा आधार घ्यावा लागतो.

चौथं, स्मज किंवा एअरब्रश वापरायचाच असेल तर सगळ्यात शेवटी आणि थोडाच.

आणखी एक चूक लेअरची असते. उजेड एका लेअरवर आणि सावली दुसऱ्यावर ठेवून स्मज केला, तर तो रंगाबरोबर रिकामी जागाही ओढतो. कडा झिजल्यासारख्या पातळ होतात. त्वचा एकाच लेअरवर रंगवा आणि त्या लेअरला अल्फा लॉक लावा, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही.

बोटाने काढणाऱ्यांनी काय करायचं?

स्टायलसला दाब कळतो. हलका दाबला की फिका, जोरात दाबला की गडद. साध्या मोबाइल स्क्रीनवर बोटाला ही सोय मिळत नाही. पण कमी ओपॅसिटीचे थर हेच काम करतात.

हिशेब सोपा आहे. २० टक्के ओपॅसिटीचा एक फटकारा खालचा रंग २० टक्के झाकतो. दुसरा फटकारा उरलेल्या ८० टक्क्यांतला २० टक्के झाकतो, म्हणजे एकूण ३६ टक्के. तिसऱ्याला साधारण ४९, चौथ्याला ५९ आणि पाचव्याला ६७ टक्के. एकाच रंगातून पाच वेगवेगळ्या छटा मिळाल्या, त्याही दाबाशिवाय. फक्त प्रत्येक फटकाऱ्यानंतर बोट उचलायला विसरू नका. बऱ्याच ॲपमध्ये बोट न उचलता कितीही घासलं तरी ओपॅसिटीची मर्यादा ओलांडली जात नाही. बोट न उचलता रंग चढत जायला हवा असेल तर ‘फ्लो’ नावाचं सेटिंग कमी करून वापरतात.

थरांची ही युक्ती पाचशे वर्षं जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांतल्या धुरकट सावल्यांना ‘स्फुमातो’ म्हणतात. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या सात चित्रांमधल्या चेहऱ्यांची क्ष-किरणांच्या मदतीने तपासणी केली. सावल्या अतिशय पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवून केल्याचं त्यांना दिसलं. असे सगळे थर मिळूनही जाडी ३० ते ४० मायक्रोमीटर भरली, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. मोनालिसाच्या ओठाच्या कोपऱ्यात सांधा सापडत नाही, तो या थरांमुळे.

सगळंच ब्लेंड करायचं का?

नाही, आणि इथेच प्लास्टिकच्या बाहुलीचं उत्तर आहे. प्रत्येक कडा सारखीच मऊ केली की डोळ्याला हाडाचा, कापडाचा आणि केसांचा फरकच कळत नाही.

ढोबळ नियम असा. पृष्ठभाग हळूहळू वळतो तिथे कडा मऊ. उदाहरणार्थ गाल, कपाळ, चेंडू. पृष्ठभाग अचानक वळतो तिथे कडा कडक, जसं टेबलाचा कोपरा. एका वस्तूची सावली दुसरीवर पडते, तेव्हा ती वस्तूच्या जवळ कडक आणि लांब जाताना मऊ होते. हनुवटीची मानेवरची सावली याच कारणाने हनुवटीजवळ धारदार दिसते. ती पुसली की चेहरा मानेत विरघळतो. आणि जिथे वस्तू आणि मागची पार्श्वभूमी दोन्ही सारख्याच गडद आहेत, तिथे कडा हरवली तरी चालते. उलट चांगलं दिसतं.

याला आता आणखी एक कारण जोडलं गेलंय. अति गुळगुळीत चित्र दिसलं की ‘हे एआयने केलंय’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. हाताने केलेल्या कामात कुठेतरी ब्रशचा फटकारा दिसतो, आणि तो दिसू देण्यात काहीच वाईट नाही. आयबिसपेंट आणि प्रोक्रिएटमध्ये चित्र तयार होतानाचा व्हिडिओही रेकॉर्ड होतो. कमिशनवर काम करणाऱ्यांना तो जपून ठेवणं उपयोगी पडतं.

अपलोड केल्यावर पट्टे का दिसतात?

ॲपमध्ये आकाश एकदम स्मूथ होतं, पण पोस्ट केल्यावर त्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. याला बँडिंग म्हणतात.

नेहमीच्या चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. एकूण रंग १ कोटी ६७ लाखांहून जास्त होतात, पण गडद निळ्यापासून थोड्या कमी गडद निळ्यापर्यंतच्या उतारात त्यातल्या जेमतेम वीस-तीस पायऱ्या वाट्याला येतात. त्या मोठ्या जागेवर पसरल्या की प्रत्येक पायरी रुंद पट्टा बनते. त्यात सोशल मीडिया ॲप चित्र आणखी दाबून लहान करतात. डोळाही यात भर घालतो. दोन सपाट छटांच्या सीमेवर तो फरक वाढवून दाखवतो. हा परिणाम एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच नोंदवला होता.

उपाय उलटा वाटेल असा आहे. गुळगुळीत उतारावर थोडी नॉइज टाका, अगदी एक-दोन टक्के. बारीक दाणे पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि डोळ्याला उतार सलग वाटतो. म्हणजे पुन्हा रांगोळीचंच तत्त्व.

सराव कसा करायचा?

थेट चेहऱ्यावर सुरुवात करू नका. आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच चौकोन काढा आणि त्यांच्यातले सांधे फक्त उचला-लावा पद्धतीने घालवा. स्मज टूलला हात लावायचा नाही. मग एक चेंडू, मग एक डबा. चेंडूत सगळ्या कडा मऊ, डब्यात तोंडाची कडा कडक आणि पोटाची मऊ. हे दोन्ही जमले की नाक रंगवा, कारण नाकात चेंडूही आहे आणि डब्याची कडाही.

प्रत्येक वेळी एक तपासणी करा. सगळ्यात वर नवी लेअर घ्या, ती काळ्याने भरा आणि तिचा मोड ‘कलर’ करा. चित्र कृष्णधवल दिसेल. त्यात उतार सलग वाटला आणि वस्तू गोल वाटली, तर उजेड-सावली बरोबर आहे. मग ती लेअर बंद करून रंगांकडे बघा. आता काही मळकट दिसत असेल, तर दोष ह्यू किंवा सॅच्युरेशनमध्ये आहे. कृष्णधवलमध्येच गडबड दिसत असेल, तर रंग कितीही बदलले तरी उपयोग नाही, आधी ब्राइटनेस सुधारायला हवा.

या एका तपासणीने चूक नेमकी कुठे आहे ते कळतं. नवा ब्रश किंवा नवा टॅब्लेट घ्यायचा विचार असेल, तर तो त्यानंतर करता येईल.